यजमान कोण? पनवेल-नवी मुंबईत भरलेल्या खेळांच्या जत्रेचा इतिहास

२ नोव्हेंबर २०२५. नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झालेला सामना मध्यरात्रीच्या सुमारास संपला. भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदा जिंकला. जगभरच्या वार्ताहरांनी बातमीच्या वर स्थळ म्हणून दोन शब्द लिहिले : नवी मुंबई.

हार्बर मार्गावर नेरूळपासून पनवेल सहावे स्थानक. १९७० च्या आधी या दोन टोकांच्या मध्ये शहर नव्हते. होती ती खाडी, खारफुटी, भाताची खाचरे, मिठागरे आणि आगरी-कोळ्यांची गावे. आज ज्याला 'यजमान शहर' म्हणतात त्याची जमीन या गावांची. खेळाच्या मोठ्या जत्रा दारी आल्या म्हणजे दारातल्या माणसांच्या पदरी काय पडते, हा प्रश्न जगभर विचारला जातो. पनवेलच्या परिसरात त्याला एक जुना आणि काहीसा कडवट इतिहास आहे.

आधी पनवेल. पाहुण्यांवर जगणे या गावाला नवे नाही. १८३० मध्ये बोरघाटातून चाकांच्या गाड्यांचा रस्ता खुला झाला. तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी होडीने खाडीमार्गे पनवेलच्या बंदरात उतरे, तेथे विसावा घेई आणि पुढे घाटाच्या वाटेला लागे. तांदूळ आणि मीठ यांची बाजारपेठ, वखारी, धर्मशाळा, गाडीवान, हमाल, खानावळी असा सगळा पसारा या ये-जा करणाऱ्यांवर उभा होता. १८५२ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली, म्हणजे देशातल्या आरंभीच्या नगरपालिकांत तिची गणना होते. पुढे रेल्वे आली. पण ती कल्याण-कर्जतमार्गे घाट चढली. पनवेल बाजूला राहिले आणि बंदराची वर्दळ ओसरली.

पाहुणा कोणत्या वाटेने यायचा हे पनवेलने ठरवले नव्हते, आणि त्याने यायचे कधी थांबायचे हेही नाही. ही गोष्ट पुढेही उपयोगी पडेल.

खेळ आणि जमीन यांचे भांडण मात्र मुंबई बेटावर त्याच शतकात पेटले होते. किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावर पारशी आणि हिंदू पोरे क्रिकेट खेळत. त्याच मैदानावर युरोपीय मंडळी पोलो खेळू लागली. घोड्यांच्या टापांनी हिरवळ उखडली जाई आणि खेळपट्टी खड्ड्यांनी भरे. देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले, सह्या गोळा केल्या, वर्तमानपत्रांतून लिहिले. शापूरजी सोराबजी या पारशी क्रिकेटप्रेमीने १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या लढ्याची हकीकत नोंदवली आहे. भारतीय क्रिकेटच्या अगदी पहिल्या इतिहासग्रंथांपैकी एकाचा विषय धावा आणि बळी यांच्याइतकाच मैदान कोणाचे हा असावा, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

खाडीपलीकडच्या गावांत तेव्हा मैदान वेगळे काढलेले नसे. भात कापणी झाली की शेत रिकामे होई आणि तेच मैदान बने. हुतूतूचे डाव तेथेच रंगत. हाच खेळ पुढे नियमबद्ध होऊन कबड्डी या नावाने देशभर गेला, आणि रायगड जिल्हा आजही त्याचे एक माहेर समजला जातो. बैलगाडीच्या शर्यती शेतात, माळावर, अलिबागकडे तर ओहोटीच्या वेळी समुद्राच्या ओल्या वाळूवर होत.

या जत्रांचे अर्थकारण साधे होते. गाव वर्गणी काढी. शेजारच्या गावचे गाडीवान आणि खेळाडू घरोघरी जेवत. बक्षीस गावाच्या नावाने दिले जाई. पुढच्या वर्षी तेच यजमान दुसऱ्या गावात पाहुणे होत. खर्च आणि मान दोन्ही एकाच उंबरठ्याच्या आत राहत, म्हणून येथे 'यजमान' या शब्दाचा अर्थ कोणाला विचारावा लागत नसे. या जत्रांत भांडणे होत, पैजा लागत, बैलांवर अत्याचारही होत. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली ती या अत्याचारांमुळेच. राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, तरी वाट मोकळी व्हायला १६ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. साडेसात वर्षे शर्यती बंद होत्या तेव्हा गावच्या यजमानपणाचा एक मोठा प्रसंगच नाहीसा झाला होता.

आता १९७०. मुंबई बेटावरची गर्दी खाडीपलीकडे वळवावी ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकातून मांडली होती. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. नगररचनेच्या पुस्तकांत हा प्रयोग धाडसी म्हणून शिकवला जातो, आणि तो तसा होताही. पण ज्याची चार एकर खाचरे गेली त्याच्या दृष्टीने सौदा असा होता : जमीन शेतीच्या भावाने घेतली गेली आणि तिच्यावर उभे राहिलेले भूखंड शहराच्या भावाने विकले गेले.

या फरकावरच पुढचे सगळे राजकारण उभे राहिले. जासईचे दिनकर बाळू पाटील, लोकांचे 'दि. बा.', शेतकरी कामगार पक्षाचे नेते होते. पनवेलमधून ते अनेकदा विधानसभेवर निवडून गेले आणि कुलाब्यातून लोकसभेवरही. न्हावा-शेवा बंदर आणि सिडको यांच्यासाठी चाललेल्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी या दोन दिवसांत जासई आणि पागोटे परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पाच जणांचा बळी गेला. दरवर्षी त्या तारखांना आजही तेथे हुतात्म्यांना अभिवादन होते.

त्या लढ्याचे फळ म्हणजे 'साडेबारा टक्के'. १९९० मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत मिळेल. त्यातूनही ३.७५ टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होत, म्हणजे शंभर गुंठे देणाऱ्याच्या हाती पावणेनऊ गुंठे येत. तरीही त्या काळी देशात ही योजना अपूर्व मानली गेली. पनवेल-उरण पट्ट्यात आजही 'साडेबारा टक्के' एवढेच म्हटले तरी पुढचे सांगावे लागत नाही.

आता या जमिनीवर खेळ येतो. ४ मार्च २००८ रोजी नेरूळचे स्टेडियम खुले झाले. वास्तुरचना हाफिज काँट्रॅक्टर यांची. त्याच वर्षी १ जून रोजी पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना येथे झाला आणि राजस्थानने चेन्नईला हरवले. वाशीपर्यंतची लोकल १९९२ ची. म्हणजे खाडीवरून रेल्वे आल्यानंतर सोळा वर्षांत या परिसराने देशातला सर्वांत झगमगीत खेळसोहळा आपल्या दारात पाहिला. नव्या शहराला स्वतःची ओळख हवी होती, आणि ती त्याला त्या रात्री दूरचित्रवाणीवरून मिळाली. हे यश खोटे नाही. 'मुंबईचे उपनगर' म्हणवून घ्यायला कंटाळलेल्या पिढीसाठी पडद्यावर झळकलेले 'नवी मुंबई' हे नाव मोलाचे होते.

पुढच्याच वर्षी त्या पडद्याबाहेरचे चित्रही दिसले. ११ नोव्हेंबर २००९ रोजी भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय मालिकेतला सातवा सामना या स्टेडियममध्ये होणार होता. एकही चेंडू न टाकता तो रद्द झाला. त्या दिवशी 'फयान' चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्याला धडकले. कोकणातले कितीतरी मच्छीमार समुद्रात बेपत्ता झाले, होड्या फुटल्या, जाळी वाहून गेली. क्रिकेटच्या नोंदवहीत त्या तारखेपुढे फक्त 'पावसामुळे रद्द' असे आहे. कोळीवाड्यांत ती तारीख वेगळ्या कारणाने लक्षात राहिली.

या स्टेडियमच्या इतिहासात एक विलक्षण धागा सापडतो आणि तो सहसा कोणी ओढत नाही. येथे झालेले अनेक मोठे सामने मुळात येथे व्हायचेच नव्हते.

२०१० मध्ये तेलंगण आंदोलनामुळे हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सना घरचे मैदान सोडावे लागले. त्यांचे सामने नागपूर, कटक आणि नवी मुंबई येथे विभागले गेले. त्याच हंगामात १७ एप्रिल रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर स्फोट झाले. तेथे होणारे दोन्ही उपांत्य सामने काही दिवसांत नेरूळला हलवले गेले. २०२२ मध्ये करोनामुळे संघांचा प्रवास टाळायचा होता, म्हणून आयपीएलचे सगळे साखळी सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुणे एवढ्यातच उरकले. त्यांतले २० एकट्या नेरूळला झाले. त्याच वर्षी महिलांच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेत भारतीय संघातच करोना शिरला आणि यजमान देशालाच स्पर्धेतून बाहेर पडावे लागले. अंतिम सामना ६ फेब्रुवारी रोजी नेरूळला झाला. चीनने दक्षिण कोरियाला ३-२ असे हरवले, यजमान संघ तेव्हा घरी होता.

आणि २०२५. ४ जून रोजी बंगळूरच्या त्याच चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर आयपीएल विजयाच्या जल्लोषात चेंगराचेंगरी होऊन अकरा जणांचा मृत्यू झाला. महिला विश्वचषकाचे तेथे ठरलेले सामने काढून घेण्यात आले. २२ ऑगस्ट रोजी जाहीर झाले की नेरूळला साखळीतले तीन सामने, एक उपांत्य सामना आणि पाकिस्तान अंतिम फेरीत न पोहोचल्यास अंतिम सामनाही होईल. पहिला सामना तेव्हा दोन महिन्यांवर होता.

म्हणजे हैदराबादचे आंदोलन, बंगळूरचे स्फोट, महामारी, पुन्हा बंगळूरची चेंगराचेंगरी : दुसऱ्यांची संकटे नेरूळच्या दारी सामने होऊन आली. ऐनवेळी आलेल्या पाहुण्यासाठी ताट वाढणे हा आपल्याकडे मोठेपणा मानला जातो आणि शहराने ते केलेही. मात्र ऐनवेळच्या पाहुण्याबद्दल घरातल्यांशी सल्लामसलत करायला वेळ नसतो. रस्ते बंद कोणते करायचे, गाड्या कोठे उभ्या करायच्या, रात्री उशिरा सुटणारी गर्दी कोठून न्यायची, हे सगळे काही आठवड्यांत ठरते आणि रहिवाशांना अधिसूचनेतून कळते.

येथे जवळचीच एक दुःखद आठवण टाळता येत नाही, जरी तो प्रसंग खेळाचा नव्हता. १६ एप्रिल २०२३ रोजी पनवेल महापालिकेच्या हद्दीत, खारघरला, 'महाराष्ट्र भूषण' पुरस्काराचा सोहळा भर दुपारी उघड्या मैदानावर झाला. लाखो लोक जमले होते. उष्माघाताने चौदा जणांचा मृत्यू झाला. मैदान मोठे असणे आणि गर्दी पेलण्याची तयारी असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे बंगळूरच्या दोन वर्षे आधी खारघरने दाखवून दिले होते.

पाहुण्याला दार दाखवण्याचा प्रसंगही महाराष्ट्रात एकदा घडला. २०१६ चा उन्हाळा. मराठवाडा तहानलेला होता. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन निघालेली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दुसऱ्या दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यावेत असा आदेश दिला. पुढे १ मेच्या पुण्यातील एका सामन्यापुरती सवलत मिळाली. अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळूरला गेला आणि पुण्याच्या संघाने विशाखापट्टणमला आपले घर केले. सामने हलवल्याने लातूरला एक थेंबही पाणी जास्त मिळणार नव्हते, हा क्रिकेट संघटनांचा युक्तिवाद हिशेबाच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. तरी न्यायालयासमोरचा प्रश्न औचित्याचाही होता : घरात पाणी नसताना अंगणात हिरवळ शिंपायची का? आयपीएलच्या इतिहासात यजमान प्रदेशाच्या स्थितीचा असा विचार होऊन सामने हलल्याचे दुसरे ठळक उदाहरण सापडणे कठीण.

सामन्यांचा परिणाम स्टेडियमच्या कुंपणाशी थांबत नाही. शीव-पनवेल महामार्ग नेरूळच्या कडेने जातो. मोठ्या सामन्यांच्या दिवशी वाहतूक पोलीस जड वाहनांना शहरात बंदी घालतात. या रस्त्याच्या पनवेलकडच्या टोकाला कळंबोली आहे, जेथे पोलादाचा मोठा बाजार आहे. पलीकडे न्हावा-शेवा बंदरातून कंटेनरांची रीघ लागलेली असते. सामन्याचे तिकीट कधीही न काढणारा ट्रकचालक त्या संध्याकाळची किंमत आपल्या फेरीत मोजतो. उलट बाजूने रिक्षावाला, वडापाववाला, निळी जर्सी विकणारा आणि हॉटेलवाला यांची त्या रात्री चांदी होते. पण हंगाम संपला की ती गर्दीही जाते. खेळाच्या पर्यटनाची हीच अडचण आहे : त्याचा ओघ पावसाळी ओढ्यासारखा असतो, बारमाही नदीसारखा नाही, आणि ओढ्यावर कोणी भातशेती करत नाही.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये मुलांचा सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक आला. हा मात्र हक्काने मिळालेला पाहुणा होता. उपांत्य सामन्यासह आठ सामने नेरूळला झाले. २५ ऑक्टोबर रोजी स्पेनने मालीला ३-१ असे हरवले. महापालिकेने भिंती रंगवल्या, चौकाचौकांत फुटबॉलची शिल्पे उभारली, रस्ते दुरुस्त केले. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभर शाळाशाळांत दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा उपक्रम झाला. शहर सुंदर झाले यात वाद नाही. वाद असेल तर क्रमाबद्दल आहे. याच शहराच्या पोटात जुनी गावठाणे आहेत. वाढत्या कुटुंबांना गावठाणाची हद्द अपुरी पडली म्हणून तेथे उभ्या राहिलेल्या बांधकामांना येथे 'गरजेपोटीची घरे' म्हणतात, आणि ती नियमित व्हावीत ही मागणी दशकानुदशके चालली आहे. पाहुणा येणार म्हणून दर्शनी भिंत चार महिन्यांत रंगते. त्या भिंतीमागच्या घराचा कागद मात्र पिढ्या उलटल्या तरी होत नाही. सगळ्या जगात असेच घडते, असे म्हणून हे सोडून देता येईल. पण ज्यांची जमीन गेली त्यांच्याच घरांबाबत हे घडावे, यात वेगळी बोच आहे.

मैदानासाठी निसर्गाचा बळी द्यायचा का, हा प्रश्नही येथे न्यायालयात गेला आहे. सीवूड्सजवळच्या पाणथळ जागेवर, जेथे हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात, गोल्फचे मैदान आणि त्यालगत निवासी संकुल उभारण्याची योजना होती. रहिवाशांनी आणि पर्यावरणवाद्यांनी विरोध केला. नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि सिडको सर्वोच्च न्यायालयात गेली. खारघरच्या डोंगरपायथ्याला सिडकोचे एक गोल्फ मैदान आधीपासून आहे. पंचक्रोशीतल्या गावांत गोल्फ कोण खेळतो, असा भाबडा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. खेळाच्या नावाने आखलेला नकाशा बहुधा घरे विकण्यासाठी असतो, आणि हिरवळीकडे तोंड केलेल्या सदनिकेचा भाव वेगळा असतो.

तरीही या इतिहासात निखळ लाभाचे एक पान आहे, आणि ते महिला क्रिकेटचे आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नेरूळला भारत-ऑस्ट्रेलिया महिला संघांचा ट्वेन्टी-२० सामना झाला. प्रवेश विनामूल्य होता. चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षक आले आणि सामना बरोबरीत सुटून सुपर ओव्हरमध्ये भारताने जिंकला. पुढे ४ मार्च २०२३ रोजी महिला प्रीमियर लीगचा पहिलावहिला सामना येथेच झाला. डिसेंबर २०२३ मध्ये इंग्लंडविरुद्धची कसोटी भारताने येथे ३४७ धावांनी जिंकली. २०२५ च्या विश्वचषकाची तिकिटे शंभर रुपयांपासून सुरू होती. ३० ऑक्टोबरच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना वांद्र्याच्या जेमिमा रॉड्रिग्सने नाबाद १२७ धावा केल्या, तेव्हा स्टेडियम भरलेले होते.

या लाभासाठी नवी जमीन लागली नाही, नवे बांधकाम लागले नाही, कोणाचे घर हलले नाही. लागले ते एवढेच की, दार स्वस्तात उघडे ठेवले. पनवेल किंवा कामोठ्याच्या शाळकरी मुलीला लोकलने जाऊन, आईच्या पाकिटातल्या पैशांत आंतरराष्ट्रीय सामना पाहता आला. पुरुषांच्या आयपीएलने पंधरा वर्षांत आजूबाजूच्या गावांना जे दिले नाही ते या तीन वर्षांनी दिले, असे म्हटले तर फार चुकीचे होणार नाही. प्रायोजकांच्या दृष्टीने हे सामने आधी दुय्यम होते, आणि दुय्यम समजले गेले म्हणूनच ते स्थानिकांच्या आवाक्यात राहिले, ही त्यातली गंमत.

यजमानांनी आपला वाटा मागून घेतल्याचे एक उदाहरण समुद्रापलीकडचे. ब्राझीलमधील साल्वादोर शहरात 'बायाना' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या 'अकाराजे' विकतात. चवळीच्या पिठाचे, तेलात तळलेले वडेच ते. फोन्ते नोव्हा स्टेडियमच्या दारात त्यांचा धंदा चाले. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी तेथे नवे स्टेडियम बांधले गेले, आणि प्रायोजकांखेरीज कोणी आवारात विक्री करायची नाही या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमाने या स्त्रिया बाहेर पडणार होत्या. त्यांनी सह्या गोळा केल्या, मोर्चे काढले, वर्तमानपत्रे जागवली. २०१३ मध्ये त्यांच्यापैकी काहींना स्टेडियमच्या आवारात विक्रीची परवानगी मिळाली. महासंघाने ती आपण होऊन दिली नव्हती.

मुंबईच्या मैदानावरचे १८८० च्या दशकातले अर्ज, जासई-पागोट्याचा १९८४ चा लढा, साल्वादोरच्या बायाना. पनवेल पट्ट्यात तर याचा हिशेब टक्क्यांत मांडता येतो. साडेबारा टक्के आंदोलनाने मिळाले. पुढे विमानतळासाठी पनवेल तालुक्यातील दहा गावे उठवायची वेळ आली तेव्हा ग्रामस्थांनी तो अनुभव हाताशी धरून घासाघीस केली आणि साडेबावीस टक्के विकसित जमिनीचे पॅकेज पदरात पाडून घेतले. कोणत्याही स्पर्धेच्या संयोजन समितीने या गावांना असा टक्का कधी देऊ केलेला नाही, आणि गावांनीही तो अद्याप मागितलेला नाही. स्टेडियमच्या शेजारच्या गावांतील मुलांना सरावाचे ठरावीक तास, तिकिटांतला राखीव हिस्सा, सामन्याच्या दिवशीच्या विक्रीत स्थानिकांना जागा, यांतले काहीही यजमानपदाच्या करारात लिहिता येण्यासारखे आहे.

त्या दहा गावांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. विश्वचषकाचा अंतिम सामना त्यानंतर बरोबर पंचवीस दिवसांनी झाला. २५ डिसेंबरला प्रवासी उड्डाणे सुरू झाली. दि. बा. पाटील यांचे नाव या विमानतळाला मिळावे म्हणून २४ जून २०२१ रोजी, त्यांच्या स्मृतिदिनी, हजारो भूमिपुत्रांनी बेलापूरला सिडकोवर मोर्चा नेला होता. यापुढे नेरूळचा सामना पाहायला परदेशातून येणारा प्रेक्षक पनवेल तालुक्यात उतरेल, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली या गावांच्या जुन्या शिवारातून बाहेर पडेल आणि अर्ध्या-पाऊण तासात स्टेडियमला पोहोचेल. रेल्वेने पनवेलपासून हिरावून घेतलेला पाहुणा दीडशेहून अधिक वर्षांनी विमानाने परत येतो आहे.

गावांच्या स्वतःच्या स्पर्धा अजून होतात. दिवाळीनंतर पनवेल-उरणच्या पट्ट्यात टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने रात्रीच्या दिव्यांत रंगतात. प्रत्येक गावाचा संघ असतो, समालोचक आगरी बोलीत टोमणे मारत असतो, बक्षिसाच्या रकमेचा फलक एखाद्या लग्नाच्या मांडवाइतका मोठा असतो. कापणी झालेली शेते आता फारशी उरलेली नाहीत. म्हणून हे सामने बहुतेकदा सिडकोच्या अजून न विकल्या गेलेल्या भूखंडावर भरतात. भूखंड विकला गेला की तेथे पत्र्याचे कुंपण पडते, आणि मंडळ पुढच्या हंगामासाठी शेजारच्या सेक्टरमधला रिकामा भूखंड शोधू लागते.